सर विल्यम जेम्स वानलेस

मिरजेचे नाव निघाले की गाणाऱ्यास तंबोरे आठवतात व प्रवाशास आगगाडीचे जंक्शन आठवते. परंतु सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर ह्या टापूतील खेड्यापाड्यांच्या लोकांस मिरज म्हटले म्हणजे प्रथम दवाखाना आठवावा, अशी स्थिती कित्येक पिढ्या होती. घरातील माणसाचे दुखणे गावच्या उपायांनी हटेना, वैद्यांनी हात टेकले, म्हणजे वडील मंडळी बैलगाडी जुंपीत आणि रोग्यास घेऊन मिरजेची वाट धरीत. ज्या पुरुषामुळे ह्या गावास हा लौकिक प्राप्त झाला, त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. परंतु नुसत्या सनावळ्या सांगण्याचा आमचा हेतू नाही. ह्या डॉक्टरांनी आपले सारे आयुष्य ज्या शत्रूशी झगडण्यात वेचले, तो शत्रू अजून आपल्या घरात आहे, आणि त्यांच्या हाती नसलेले एक शस्त्र आपल्या हाती आलेले असून ते आपण कसे वापरतो, हाही प्रश्न ह्या चरित्राच्या ओघात येणारच आहे.

विल्यम जेम्स वानलेस ह्यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात चार्ल्स्टन ह्या लहान गावी झाला. हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच साली ऑगस्ट महिन्यात ग्लासगो शहरी जोसेफ लिस्टर ह्या शस्त्रवैद्याने गाडीखाली पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडात भिजविलेली पट्टी प्रथम बांधली, आणि ती जखम न चिघळता भरून आली. तोपर्यंत हाड मोडून कातडी फाटली की पुष्कळदा पाय कापावा लागे, व पाय कापला म्हणजे रोगी पुवाने मरावयाचा, हे ठरलेलेच असे. जखमेत पू होतो तो हवेच्या दोषाने नव्हे, तर डोळ्यांस न दिसणाऱ्या सजीव जंतूंमुळे, हे लिस्टरने फ्रान्समधील पाश्चरच्या संशोधनावरून ताडले होते. वानलेस सात वर्षांचे असता, १८७३ साली, नॉर्वेतील हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला. ते सोळा वर्षांचे असता, १८८२ साली, जर्मनीतील कॉखने क्षयाचा जंतू दाखविला. अशा रीतीने हा मुलगा आणि जंतूंची विद्या ही दोन्ही बरोबरच वाढत होती असे म्हटल्यास चुकीचे होणार नाही.

वैद्यकाचे शिक्षण त्यांनी न्यूयॉर्क येथे घेतले व १८८९ साली ते पदवीधर झाले. त्याच साली त्यांचे लग्न मेरी मार्शल ह्या बाईंशी झाले, आणि अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने उभयतां हिंदुस्थानास येण्यास निघाली. ह्या बाईंचे नाव पुढे कोल्हापूरच्या मेरी वानलेस रुग्णालयास दिले गेले, ते आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या कानांवरून गेलेले असेल.

दक्षिण महाराष्ट्रात आल्यावर त्यांनी आपले काम प्रथम सांगलीस एका लहानशा दवाखान्यात आरंभिले. दवाखाना म्हणजे काय, तर थोडी औषधे, थोडी हत्यारे आणि परक्या भाषेत अडखळत बोलणारा पंचवीस वर्षांचा एक गोरा तरुण! लोक प्रथम बिचकले असतील यात नवल नाही. १८९२ साली त्यांनी आपले ठाणे सांगलीहून तीन कोसांवरील मिरजेस हलविले. सांगली व मिरज ही दोन्ही त्या काळी पटवर्धनांची निरनिराळी संस्थाने होती. मिरजेस येण्यात मोठी सोय अशी की पुण्याहून दक्षिणेस जाणारी आगगाडी तेथून जात असे. दूरचा रोगी गाडीत घातला की दवाखान्याच्या गावी पोहोचे. फिलाडेल्फियाचे कॉन्व्हर्स नावाचे धनिक गृहस्थ, जे आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या एका कारखान्याचे मालक होते, त्यांनी दिलेल्या द्रव्यातून १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. इंजिनांवर मिळविलेल्या पैशाने बांधलेल्या रुग्णालयास आगगाडीने रोगी आणून द्यावे, हा योग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

ह्या रुग्णालयाची कीर्ती झाली ती मुख्यतः शस्त्रक्रियेमुळे. मोतीबिंदू, मुतखडा, पोटातील गाठी अशा व्यथांनी वर्षानुवर्षे पिडलेले लोक तेथून बरे होऊन घरी परतू लागले. आंधळा होऊन गेलेला म्हातारा आपल्या पायांनी चालत गावात शिरला म्हणजे त्याच्यासारखी जाहिरात दुसरी कोणती? परंतु डॉक्टरांचा हात कितीही हलका असो, केवळ हाताच्या कौशल्याने हे यश मिळाले असे मानणे भ्रमाचे आहे. त्या काळी सुरीने माणूस क्वचितच मरे. सुरीनंतर येणाऱ्या पुवाने तो मरत असे. एकदा जंतू रक्तात शिरले म्हणजे त्यांस आतून मारणारे औषध जगातील कोणत्याही डॉक्टरापाशी नव्हते. म्हणून जंतूंस आत शिरूच द्यावयाचे नाही, एवढा एकच मार्ग मोकळा होता. हत्यारे उकळावयाची, पट्ट्या वाफेत शिजवून घ्यावयाच्या, हात कोपरापर्यंत घासावयाचे, रोग्याची कातडी धुऊन औषधाने पुसावयाची. आणि हे सर्व दररोज, प्रत्येक रोग्यापाशी, कंटाळा न करता करावयाचे. जखमेवर शेण, राख वा कोळ्याचे जाळे लावण्याची चाल ज्या मुलखात होती, जेथे नवजात बालकाची नाळ घरच्या विळ्याने कापून तिच्यावर राख दाबीत व मग धनुर्वाताने मूल गेले म्हणजे दैवास बोल लावीत, तेथे ही शिस्त लोकांच्या गळी उतरविणे किती दुर्घट असेल, ह्याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांनी करावी. आमच्या मते वानलेस ह्यांची खरी कामगिरी हीच होय. ती शस्त्रक्रियेइतकी डोळ्यांत भरत नाही, म्हणून तिजविषयी लोक थोडे बोलतात, इतकेच.

एकट्या माणसाने किती रोगी पाहावे! म्हणून १८९७ साली त्यांनी मिरजेस वैद्यकीय शाळा सुरू केली. तेथे शिकलेले तरुण पुढे मिशनच्या व इतर दवाखान्यांतून दूरदूर कामास गेले. जंतू म्हणजे काय, हात का धुवावयाचे, हत्यार उकळून पुन्हा टेबलावर ठेवले तर ते पुन्हा अशुद्ध कसे होते, हे मराठी बोलणाऱ्या मुलांस मराठी मुलखातच समजावून देण्याची सोय ह्या शाळेने झाली. आम्ही स्वतः शिक्षक आहो, म्हणून आम्हांस रुग्णालयाच्या इमारतीपेक्षा ह्या शाळेचे महत्त्व अधिक वाटते, हा आमचा पक्षपात वाचकांनी क्षमा करावा.

शाळा निघाली तो काळ प्लेगाचा होता. १८९६ साली मुंबईस आलेला हा ताप पुढील वर्षांत सातारा जिल्ह्यात व दक्षिणेकडील संस्थानांत पसरला. काखेत, जांघेत गाठ उठावी, ताप चढावा आणि थोड्या दिवसांत माणूस नाहीसा व्हावा! उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. प्लेगाचा जंतू येर्सिन ह्या शास्त्रज्ञाने हाँगकाँग येथे १८९४ साली, म्हणजे मिरजेचे रुग्णालय उघडले त्याच वर्षी, शोधून काढला होता. १८९७ साली मुंबईस हाफकीन ह्यांनी प्रतिबंधक लसही तयार केली. परंतु ज्यास गाठ उठली त्यास काय द्यावयाचे, ह्याचे उत्तर कोणापाशी नव्हते. शत्रूचे नाव ठाऊक, त्याचे रूप ठाऊक, पण हाती शस्त्र नाही, अशी त्या पिढीच्या डॉक्टरांची अवस्था होती. आज हाच प्लेग वेळीच ओळखला तर स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधाने बरा होतो, हे वाचले म्हणजे आमच्या अंगावर काटा उभा राहतो. कारण त्या साथींत ह्या भागांतील कितीतरी घरे उजाड झाली.

कुष्ठरोग्यांसाठीही वानलेस ह्यांनी मिरजेस आश्रय निर्माण केला. ज्यास त्या काळी महारोग म्हणत, त्या रोगावर कडूकवठीच्या जातीचे तेल टोचण्यापलीकडे उपाय नव्हता, व त्याचाही गुण बेताचाच. तेथे आलेला रोगी बहुधा जन्मभरासाठीच येई. क्षयाची स्थितीही हीच होती. १९२० साली सांगली व मिरज ह्यांच्या दरम्यान माळावर त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम स्थापिले. ती वस्ती आजही वानलेसवाडी ह्या नावाने ओळखली जाते. मोकळी हवा, सकस अन्न, दूध, अंडी आणि महिनोन् महिने खाटेवर पडून विश्रांती, हेच क्षयाचे त्या वेळचे औषध. शरीराने आपले बळ आपणच मिळवावे व जंतूंस कोंडून टाकावे, एवढी आशा. काही रोगी बरे होत, पुष्कळ होत नसत.

सुमारे चाळीस वर्षांच्या सेवेनंतर १९२८ साली डॉक्टर निवृत्त झाले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांस सर ही पदवी दिली. पुढे ते अमेरिकेत जाऊन राहिले व ३ मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे देहावसान झाले. मिरजेच्या रुग्णालयाने पुढेही आपले काम चालविले. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, १९६० साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले, आणि १९६२ साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

एरव्ही चरित्र येथे संपावयाचे. परंतु १९२८ हे साल आम्हांस पुढे जाऊ देत नाही. वानलेस मिरज सोडीत होते त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले, तो त्यांस आपल्या एका काचेच्या बशीत बुरशी आलेली दिसली. त्या बुरशीच्या भोवतालचे पू करणारे जंतू मात्र विरघळून गेले होते. त्या बुरशीच्या रसास त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. ज्या औषधाची वाट आयुष्यभर पाहावी ते वानलेस ह्यांच्या निरोपाच्या वर्षीच दृष्टीस पडावे, आणि त्यांच्या हयातीत ते एकाही रोग्यास नेहमीच्या उपचारात मिळू नये, ह्यास काय म्हणावे! फ्लोरी, चेन व त्यांचे ऑक्सफर्डमधील सहकारी ह्यांनी ते शुद्ध स्वरूपात काढीपर्यंत दुसरे महायुद्ध सुरू झाले होते.

१९४१ साली ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायास हे औषध प्रथम देण्यात आले. तोंडावरील जखम चिघळून जंतू त्याच्या सर्वांगात पसरले होते, एक डोळाही गेला होता. औषध टोचताच दोन-तीन दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. परंतु औषध इतके थोडे होते की त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून घेऊन त्यास टोचीत. पाचव्या दिवशी ते संपले. रोग उलटला आणि काही आठवड्यांनी तो शिपाई मरण पावला. बरे वाटू लागणे आणि बरे होणे ह्यांतील अंतर किती, हे ह्या बिचाऱ्याच्या कहाणीवरून जसे कळते तसे पुस्तकी व्याख्येवरून कळत नाही. त्यास औषध मिळाले नाही म्हणून त्याचा उपचार अर्धवट राहिला; आपण मात्र औषध घरात असता दुसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देतो!

क्षयाची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ ह्या तरुण विद्यार्थ्याने मातीतील जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन काढले. १९४८ साली ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने त्याच्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध केला. १०७ रोग्यांपैकी ५५ जणांस हे औषध व विश्रांती दिली होती, ५२ जणांस केवळ विश्रांती, म्हणजे वानलेसवाडीस मिळे तोच उपचार. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ व दुसऱ्या गटात १४ रोगी दगावले. सर्वांस आनंद झाला. परंतु औषध घेणाऱ्या पुष्कळांच्या थुंकीतील जंतू त्या औषधास दाद देईनासे झाले, आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या मृत्यूंत फारसा फरक उरला नाही. ह्याचे कारण असे : कोट्यवधी जंतूंत मूळचेच दोन-चार असे असतात की ज्यांवर ते एक औषध चालत नाही. बाकीचे मेले की ह्या दोन-चारांस रान मोकळे मिळते व तेच वाढतात. म्हणून डॉक्टर एकाच वेळी दोन-तीन निरनिराळी औषधे देऊ लागले. एकास चुकवील तो जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडावा. आज साध्या क्षयास असा एकत्र उपचार साधारणपणे सहा महिने चालतो. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी कित्येक रोगी औषध सोडतात. मग जो क्षय परततो तो नेहमीच्या औषधांस जुमानत नाही, व रोग्याच्या घरातील लेकरांस लागतो तोही तसाच हट्टी.

ही औषधे आता दुर्मिळ राहिली नाहीत. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने पेनिसिलिनचा कारखाना काढला, आणि जे ऑक्सफर्डला चमच्याने मोजीत होते ते आपल्याकडे तयार होऊ लागले. सुलभता आली, तिच्या पाठोपाठ निष्काळजीपणाही आला. आमच्या वर्गात सर्दीने नाक गळणारा मुलगा शेजारच्या काकूंनी दिलेली प्रतिजैविकाची गोळी खाऊन येतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. सर्दी, साधा खोकला, फ्लू हे विषाणूंचे विकार होत; त्यांवर पेनिसिलिनाच्या जातीचे कोणतेही औषध काडीमात्र चालत नाही. रोग विषाणूचा की जिवाणूचा हे ठरविणे, औषध कोणते, किती व किती दिवस हे ठरविणे, हे डॉक्टरांचे काम आहे. चिठ्ठीवर पाच दिवस असतील तर पाच, दहा असतील तर दहा. आठ तासांनी सांगितले असेल तर सकाळी दोन गोळ्या एकदम घेऊन हिशेब पुरा होत नाही, कारण रक्तातील औषध मधल्या वेळात उतरते व जंतू सावरतात. औषधाने उलट्या वा जुलाब सुरू झाले तर आपल्या मनाने ते टाकू नये, डॉक्टरांस विचारावे. ते औषध बदलून देतील. एकाची उरलेली गोळी दुसऱ्यास देणे हे तर औदार्य नव्हेच.

घरातील मातांस आणखी थोडे सांगावेसे वाटते. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील, श्वास कोंडला असेल, तर ते डॉक्टरांस आधीच सांगावे. तेच औषध पुन्हा घेतल्यास प्राणावर बेतू शकते. औषध घेतल्यावर अशी चिन्हे दिसली तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा. टेट्रासायक्लिनाच्या जातीची काही औषधे लहान मुलांच्या येणाऱ्या दातांस डाग पाडतात, म्हणून मोठ्यासाठी आणलेले औषध अर्धे करून मुलास देण्याची चाल सोडावी. ती व सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही औषधे दुधाबरोबर घेतल्यास दुधातील चुन्याशी बांधली जाऊन पोटातून रक्तात नीट उतरत नाहीत. औषध गरम पडते म्हणून पेलाभर दूध पाजणाऱ्या आजीबाईंस हे गोडीने समजावून द्यावे. मुलांसाठी कोरडी पूड असलेली बाटली मिळते, तीत उकळून निवविलेले पाणी खुणेपर्यंतच घालावयाचे असते व प्रत्येक वेळी बाटली हलवावयाची असते; नाही तर पहिल्या दिवशी पाणी व शेवटच्या दिवशी गाळ मुलाच्या पोटात जातो.

सरकारने नियमही केले आहेत. प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम आहेच. त्यांतील अधिक जपून वापरण्याच्या औषधांसाठी, क्षयाच्या औषधांसह, २०१३ साली निराळी यादी करून २०१४ पासून ती विकताना दुकानदाराने रोग्याचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी असे ठरविले. गोळ्यांच्या पाकिटावर उभी तांबडी रेघ दिसली तर ती चिठ्ठीवाचून घेऊ नये, हे २०१६ पासून सरकार लोकांस सांगत आहे. हे आमच्या आठवीच्या मुलांसही ओळखता येते. वही भरली जाते की नाही, हे मात्र गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन जाते की नाही ह्यावर पुष्कळसे अवलंबून आहे. दुकानात जाऊन नुसते दुखणे सांगावे आणि दोन गोळ्या मागाव्या, ही सवय सातारा रस्त्यावरील मोठ्या गावांत काय आणि कृष्णाकाठच्या खेड्यांत काय, सारखीच आहे.

कुष्ठरोगाचे सांगावयाचे राहिले. १९४० नंतरच्या दशकात डॅप्सोन हे औषध ह्या रोगावर वापरात आले व कडूकवठीच्या तेलाचे काम संपले. परंतु ते एकटेच वर्षानुवर्षे दिले गेल्यामुळे १९६० नंतर त्यास न जुमानणारे कुष्ठजंतू आढळू लागले. क्षयाचाच अनुभव पुन्हा आला. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. रोगी ती पाकिटे घरी नेतो, रोजच्या गोळ्या स्वतः घेतो, आणि महिन्यातून एकदा आरोग्यसेवकासमोर बसून त्या दिवसाचा मोठा डोस पाण्याबरोबर गिळतो. रोग थोडा असेल तर सहा महिने, अधिक असेल तर बारा. वानलेस ह्यांच्या काळी मिरजेच्या कुष्ठालयात येणारा मनुष्य गावाचा, घराचा आणि बहुधा बायकामुलांचाही कायमचा निरोप घेऊन येत असे. आता तोच रोगी आपल्या शेतात काम करीत, आपल्या घरी जेवीत बरा होतो, मात्र बाराव्या महिन्याचे पाकीट त्याने शेवटच्या गोळीपर्यंत संपविले पाहिजे.